हाच फोटो लावायचा

आत्माराम धुरींचा आवाज ज्यांनी ऐकला नाही, त्यांना तो सांगून कळायचा नाही. मस्जिद बंदरला मसाल्याच्या वखारीत मुकादम म्हणून उभा जन्म काढलेला माणूस. ट्रकच्या पलीकडून त्यांनी हाक मारली की हमालाच्या पाठीवरची गोण जागच्या जागी थांबायची. भाईंदर पश्चिमेला राहायला आल्यावर सोसायटीच्या गणपतीत आरतीला त्यांच्या हातात माइक देत. तो का देत, देव जाणे. माइक नसता तरी मागच्या तीन बिल्डिंगांना आरती ऐकू गेली असती. लोक कौतुक करायचे, "धुरीकाका, काय आवाज आहे तुमचा!" लोकांचं काय जातंय? लोक प्रसाद घेऊन आपापल्या घरी जायचे. तो आवाज यायचा नीलिमाच्या घरी.

चहा निवला, आवाज. टॉवेल ओला, आवाज. मुलाला, स्वप्नीलला गणितात कमी पडले, मग तर विचारूच नका. बायकोवर आपण कधी हात उचलला नाही, हे आत्माराम चारचौघांत छाती पुढे काढून सांगत, जणू त्याबद्दल त्यांचा सत्कार व्हायचा राहून गेला होता. हात उचलायची गरजच पडली नाही. दारात त्यांच्या चपला वाजल्या की नीलिमाच्या हातातली वाटी थरथरायची. एकदाच काय ते झालं. काळाचौकीची खोली विकून भाईंदरला जायचं घाटत होतं, घरात चार माणसं बसली होती, आणि नीलिमानं विचारलं, "तिकडे पाणी रोज येतं का?" एवढंच. आत्मारामांनी हातातला तांब्या भिरकावला. तो तिच्या कानाजवळून गेला आणि भिंतीवर आदळला. तिला लागला नाही, तांब्याला मात्र पोचा आला. घरासोबत तो तांब्याही भाईंदरला आला. स्टीलचा चांगला जाडजूड तांब्या, टाकणार कसा? नीलिमा पोचा भिंतीकडे करून तो ओट्यावर ठेवायची.

निवृत्त झाल्यावर आत्मारामांचा घसा बसला. आधी आल्याचा काढा झाला, मग मध, मग एका वैद्याची पुडी. आयुष्यभर गालात तंबाखूची गोळी ठेवणाऱ्याला घसा का बसला याचं कोडं पडावं, हेही एक नवलच. मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा डॉक्टरांनी फार वेळ घेतला नाही. आवाजाची पेटीच काढावी लागेल म्हणाले. काढली. गळ्याच्या मधोमध एक भोक ठेवलं, त्यातून श्वास घ्यायचा. वरून जाळीचं पांढरं फडकं बांधायचं, लहान मुलाच्या लाळेऱ्यासारखं.

घरी आणलं, आणि घरात शांतता पसरली. नीलिमाला बरं वाटलं. आता हे ती कुणाला सांगणार? नवरा गळ्यातल्या भोकातून श्वास घेतोय आणि बायकोला भेंडी चिरताना गाणं गुणगुणावंसं वाटतंय. बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाजही वाटली, आणि दोन्ही घेऊन ती दिवसभर त्याच ओट्यापाशी वावरत राहिली.

बोलायची सोय नव्हती असं नाही. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र स्वप्नीलनं आणून दिलं होतं. आत्मारामांनी ते एकदा लावलं, "नीलिमा" म्हणाले, आणि त्यातून निघालेला तो मिक्सरसारखा आवाज ऐकून यंत्र कपाटात टाकलं ते कायमचं. लिहायची सवय हाताला नव्हती. पाटीवर 'पाणी' लिहायचे आणि खडू मोडायचा. मग स्वप्नीलनं त्याचा जुना मोबाइल दिला. तो मिरा रोडला बायकोबरोबर वेगळा राहत होता, दर रविवारी यायचा. त्यानंच वडिलांना फोटो काढून पाठवायला शिकवलं. "बाबा, लिहू नका. जे पाहिजे त्याचा फोटो काढायचा आणि आईला पाठवायचा. सिंपल."

झालं. आतल्या खोलीतून स्वयंपाकघरात फोटो यायला लागले. रिकाम्या ग्लासाचा फोटो, पाणी आण. बंद पंख्याचा फोटो, लाव. गोळ्यांच्या संपलेल्या पाकिटाचा फोटो, अर्थ उघड आहे. निम्म्या फोटोंत आत्मारामांचा अंगठाच जास्त. मोबाइल टिंग वाजला की नीलिमा पदराला हात पुसत उठायची आणि मनात म्हणायची, आवाज गेला, पण हुकूम काही जात नाहीत या माणसाचे.

एके दिवशी दुपारी रिकाम्या कपाचा फोटो आला. तिनं चहा टाकला, आत नेला. आत्मारामांनी मान हलवली. नको.

"मग कपाचा फोटो कशाला पाठवलात?"

ते ओशाळले. मग त्यांनी तिच्या हातातला मोबाइल घेतला, तोच फोटो उघडला आणि तिच्यापुढे धरला. कप होता, रिकामाच. खिडकीच्या ग्रिलमधून ऊन आलं होतं, ते कपात उतरलं होतं. तळाशी चहाचं वाळलेलं कडं होतं आणि त्या उन्हात ते सोन्याच्या बांगडीसारखं दिसत होतं.

"नुसताच काढला?" नीलिमानं विचारलं.

आत्मारामांनी मान डोलावली. या माणसानं आयुष्यात नुसतंच असं काही केलेलं तिला आठवत नव्हतं. चहा तिनंच पिऊन टाकला.

त्यानंतर माणूस सुटलाच. दांडीवर वाळणारं फरशी पुसायचं फडकं. दुधाच्या पिशवीचं कापलेलं टोक. वॉचमनच्या खुर्चीची तुटलेली पाठ, तिला बांधलेली सुतळी. आत्मारामांची बहीण शैला रोज सकाळी घराण्याच्या ग्रुपवर गुलाबाची फुलं आणि सुविचार पाठवायची. तिथं आत्मारामांनी एकदा ते फडकं टाकलं. शैलानं खाली हात जोडले. तासाभरात स्वप्नीलचा फोन.

"आई, बाबा ठीक आहेत ना? फरशीच्या फडक्याचा फोटो टाकलाय ग्रुपवर."

"ठीक आहेत."

"नाही, म्हणजे डोक्यावर काही परिणाम वगैरे... डॉक्टरांना विचारू का?"

"ठीक आहेत म्हटलं ना," नीलिमा म्हणाली, आणि आपण नवऱ्याची बाजू घेतली याचं तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. आत्मारामांनी ग्रुपवर पुन्हा काही टाकलं नाही. मग सगळे फोटो तिला एकटीलाच यायला लागले.

संध्याकाळी दोघं शेअर रिक्षानं मुर्ध्याला जायची. खाडीची हवा त्यांना मानवायची. मिठागरं आता पडूनच आहेत, पलीकडे हिरव्या जाळ्या लावलेल्या नव्या इमारती उभ्या राहतायत, फोटो काढावा असं तिथं काहीच नाही. पण आत्माराम वाकून वाकून चिखलात रुतलेल्या एका चपलेचा फोटो काढायचे. एकदा तिथल्या एका म्हातारीनं त्यांना विचारलं, "कसला फोटू काढतं रं? इथं काय हाय? काय न्हाय." आत्मारामांनी तिला मोबाइल दाखवला. तिनं डोळे बारीक करून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि निघून गेली.

हळूहळू फोटोंत नीलिमा दिसायला लागली. ती स्वतः नव्हे, तिच्या खुणा. न्हाणीघरातल्या आरशाला तिनं चिकटवून ठेवलेल्या टिकल्या, वापरून वापरून कडा गेलेल्या. खुर्चीवर टाकलेला तिचा चष्मा. एकदा तिच्या टाचांचा फोटो आला, भेगा पडलेल्या. ती बसून वाटाणे सोलत होती आणि तिला पत्ताही नव्हता. तिला राग आला, दाखवण्यासारखं दुसरं काही नाही का माझ्यात? त्याच संध्याकाळी आत्माराम एकटेच खाली जाऊन मेडिकलमधून भेगांचं मलम घेऊन आले आणि तिच्या उशीपाशी ठेवून दिलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी तिच्या पायांकडे पाहिलं होतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

आणि मग तांब्याचा फोटो आला.

ती गच्चीवर पापड वाळत घालायला गेली होती. मोबाइल वाजला. ओटा, ओट्यावर तांब्या, आणि तांब्याचा पोचा पुढे. कुणीतरी तो फिरवून ठेवला होता, आणि घरात कुणीतरी म्हणजे एकच माणूस होता. दुसरं काहीही नव्हतं फोटोत. उजेड सगळा त्या पोच्यात साठला होता. अगदी जवळून काढला होता, हात न हलवता, अंगठा मध्ये येऊ न देता.

नीलिमा गच्चीच्या कठड्याला टेकून खाली बसली. पापडांवर कावळे आले तरी उठली नाही. तिला रडू आलं ते माफ केल्याचं नव्हतं. हा माणूस ते विसरला नव्हता, म्हणून आलं. तिला वाटायचं तिला एकटीलाच आठवतंय. खाली आल्यावर ती त्याबद्दल काही बोलली नाही, त्यांनीही तोंड वर केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पाणी भरून तांब्या त्यांच्यापुढे ठेवला तेव्हा पोचा पुढे होता. आत्मारामांनी तो पाहिला. दोघांचं बोलणं तिथं झालं, आणि लग्नानंतरचं खरं म्हणावं असं ते पहिलंच बोलणं होतं.

सुख म्हणायचं तर ते एवढंच, आणि तेही फार दिवस पुरलं नाही. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी स्वप्नीलला बाजूला बोलावलं. आजार परत आला होता, आणि या वेळी काढून टाकण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आत्मारामांना कुणी सांगितलं नाही. आपल्याकडे पेशंटला सांगायचं नसतं, बाकी सगळ्या गावाला सांगायचं असतं. पण त्यांनी ओळखलं. फोटो कमी झाले. मग एका सकाळी, नीलिमा पोळ्या लाटत असताना, मोबाइल वाजला. हात पिठाचे होते, तिनं कोपरानं मोबाइलचा पडदा सरकवला आणि लाटणं तिथंच थांबलं.

आत्माराम होते. स्वतः. मोबाइल कशाला तरी टेकवून, खिडकीशी बसून काढलेला. अंगात बनियन. गळ्यावरचं फडकं काढलेलं.

ते भोक तिनं कधी नीट पाहिलं नव्हतं. ते साफ करताना आत्माराम दार लावून घेत. मदत करू का विचारलं तर हातानंच जा म्हणत. आणि आता तेच, उजेडात, लाल कडांचं, ओलसर. वर हाडं दिसणारा चेहरा, दाढीचे पांढरे खुंट, आणि डोळे सरळ तिच्याकडे. ना कीव मागत होते, ना दटावत होते. मी हा असा आहे, एवढंच.

फोटोखाली त्यांनी लिहिलंही होतं. एरवी कधी लिहीत नसत. 'हाच फोटो लावायचा.'

ती आत गेली. "असलं अभद्र बोलू नका," ती म्हणाली. आणि कुणाला आपण काय बोललो हे लक्षात येऊन तिला हसू फुटलं. आत्मारामही हसले. त्यांच्या हसण्याला आवाज नव्हता, फक्त फडक्याखालून हवा फुसफुसायची. मग त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं, देव्हाऱ्याशेजारच्या मोकळ्या जागेकडे, आणि तिचा हात धरला. उत्तर मिळेपर्यंत सोडला नाही.

"लावीन," नीलिमा म्हणाली. "हाच लावीन."

आत्माराम गेले ते सकाळी, चहाच्या वेळेला. नीलिमा कप घेऊन आत गेली तेव्हा फडकं हलत नव्हतं.

दिवस सुरू झाले. शैला राहायला आली. माणसं येत होती, बसत होती, आरतीची आठवण काढत होती. शेजारचे शहाकाका म्हणाले, "क्या आवाज थी धुरीभाई की!" तो आवाज जाऊन दोन वर्षं झाली होती. या दोन वर्षांत जो माणूस त्या घरात राहत होता, त्याची आठवण काढायला कुणी आलंच नाही. त्याला ओळखतच नव्हतं कुणी.

तेराव्याच्या आधी भिंतीवरच्या फोटोचा विषय निघाला. स्वप्नीलनं सगळं ठरवून टाकलं होतं.

"माझ्या लग्नातला फोटो बबनकडे पाठवलाय. बाबांनी त्यात सदरा घातलाय, बबन कोट टाकून देतो म्हणाला. मस्त करतो तो."

बबनचा फोटो स्टुडिओ स्टेशनकडे जाताना बाजारात आहे. सगळ्या भाईंदरातली मेलेली माणसं त्याच्याकडून कोट घालून जातात. जन्मभर लुंगीवर वावरलेले, बनियनवर गेलेले, सगळे. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये कोट तयारच असतात, मुंडकं फक्त बसवायचं. घरोघरच्या भिंतींवर तोच काळा कोट आणि तोच मरून टाय, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

"नाही," नीलिमा म्हणाली. "त्यांनी सांगून ठेवलाय कुठला लावायचा." आणि तिनं मोबाइल पुढे केला.

स्वप्नीलनं पाहिलं आणि मोबाइल पालथा घातला. "आई, प्लीज."

शैलानं पाहिलं. "अगं बाई! वहिनी, हा लावणार भिंतीवर? लेकीबाळी येतात घरात!"

"त्यांची इच्छा होती."

"आजारी माणसाची कसली इच्छा! दादा शुद्धीवर होता का तेव्हा?"

"जन्मात नव्हते इतके शुद्धीवर होते," नीलिमा म्हणाली. तिचा आवाज चढला होता. त्या घरात बाईचा आवाज चढलेला शैलानं पहिल्यांदाच ऐकला.

स्वप्नील खाली मान घालून बसला होता. तो रागावलेला नव्हता. "मला तो बघवत नाही गं," तो म्हणाला. "मला बाबा तसे आठवायचे नाहीयेत. मला माइकवाले बाबा हवेत." वडिलांच्या धाकानं पॅंट ओली करणारा हा मुलगा, आणि त्याला हवे होते तेच वडील. माणसाच्या मनाचं काही सांगता येत नाही.

"तुला माहीत नाही ते कसे होते," नीलिमा म्हणाली. "शेवटी."

पालथा घातलेला मोबाइल स्वप्नीलनं उचलून तिच्या हातात दिला. म्हणाला, "ठीक आहे. तू म्हणशील तसं. बबनला सांगतो, तू पाठवशील तोच करायचा."

ती जिंकली होती. एवढ्या आयुष्यात त्या घरात तिनं मांडलेली आणि मान्य झालेली ही पहिलीच गोष्ट.

फोटो पाठवून भागलं असतं. पण नीलिमाला स्वतः जायचं होतं. दिवसांत बाईनं बाहेर पडू नये, शैलानं दोनदा सांगितलं. नीलिमा चप्पल घालून निघाली. आपण नवऱ्याचं शेवटचं काम करायला चाललोय असं तिला वाटत होतं, आणि रिक्षात बसल्यावर खूप दिवसांनी तिला थोडं हलकंही वाटलं.

बबन बडबड्या, पण माणूस मनाचा चांगला. "या काकू, बसा. काका म्हणजे काय, राजा माणूस! द्या, फोटो द्या." आत बाकावर एक बाई शाळेच्या गणवेशातल्या लहान मुलीला घेऊन बसली होती, पासपोर्टचे फोटो छापून होण्याची वाट बघत. बबननं फोटो घेतला आणि कॉम्प्युटरवर उघडला.

तो पडदा मोठा होता. भिंतीवर लावायची फ्रेम केवढी दिसेल हे गिऱ्हाइकाला कळावं म्हणून त्यानं मुद्दाम मोठा घेतला होता. नीलिमानं तो फोटो आजवर तळहाताएवढा पाहिला होता. आता आत्माराम तिच्यासमोर होते त्याहून मोठे झाले. आणि ते भोक. त्याच्या आतलं दिसत होतं. कडेला वाळलेला चिकटा दिसत होता. डोळ्यांतला पिवळेपणा दिसत होता.

बबननं उगाच माउस पुसला. मागे बाकावर काहीतरी हललं, नीलिमानं वळून पाहिलं. त्या बाईनं मुलीचं तोंड आपल्या ओढणीत घेतलं होतं आणि स्वतः दुसरीकडे बघत होती.

नीलिमाच्या कानशिलात ऊन ऊन झालं. ही लाज कुठून आली तिला कळलं नाही. पण आली, आणि लाजेपुढे तिचं काही चाललं नाही. तेराव्याला येणारी माणसं तिला दिसली, सगळी अशीच बघणार, अशीच मान वळवणार. उद्या कुणी घरी आलं की आधी तिकडेच नजर जाणार आणि चहा घशाखाली उतरणार नाही. दार लावून साफ करायचे ते. दार लावून. आणि आपण त्यांना भिंतीवर असं उघडं टांगायचं?

"बबन," ती म्हणाली, "तेवढं... गळ्यापाशी जरा झाकता येईल का?"

"का नाही काकू!" बबनचा जीव भांड्यात पडला. "तेच म्हणणार होतो. आत्ता करतो." बाजूच्या कातडीचा तुकडा त्यानं उचलला, भोकावर ठेवला, दोनदा घासला. भोक बुजलं. जिथून तो माणूस दोन वर्षं जगला, ते बुजवायला बबनला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही.

"आता बघा. पण काकू, आता हे बनियन कसंतरीच दिसतंय. गळा मोकळा मोकळा वाटतो. कोट टाकू?"

नीलिमानं पाहिलं. खरंच कसंतरी दिसत होतं. भोक होतं तेव्हा बनियन बरोबर होतं. भोक गेलं आणि तो आत्मारामांचा फोटो राहिलाच नाही, कुणा भलत्याच उघड्या माणसाचा झाला. आता मागे जायचं म्हटलं तर एकच शब्द बोलायचा होता, आधीसारखं कर. ती मनात तो म्हणालीही. मागे बाई बसली होती.

"टाक," ती म्हणाली.

कोट आला. टाय आला. दाढीचे खुंट गेले. गाल थोडे भरले, "काका आधी असे होते ना?" बबन विचारत होता आणि ती मान हलवत होती. डोळ्यांतला पिवळेपणा गेला. "नजर जरा थेट येतेय काकू, थोडी बाजूला घेऊ? लोकांना बरं वाटतं." ती नजरही गेली. शेवटी त्यानं ओठांच्या कडा किंचित उचलल्या आणि खुर्ची मागे सरकवून म्हणाला, "हां! आता कसे, अस्सल धुरीकाका!"

तेच होते. तांब्या फेकणारे, माइकवाले, चारचौघांत छाती काढून सांगणारे. बबननं कुठून आणले कोण जाणे, जसेच्या तसे आणले होते. दारात चपला वाजल्यासारखं होऊन नीलिमानं मांडीवरची पिशवी घट्ट धरली.

"छापू?"

"छाप," नीलिमा म्हणाली.

तेराव्याला फ्रेम लागली. स्वप्नीलनं कागद सोडला आणि तो नुसता बघतच राहिला. आईनं आपल्यासाठी हट्ट सोडला असं त्याला वाटलं. तिच्या गळ्यात पडून तो लहान मुलासारखा रडला. "थँक्यू आई. बाबा... अगदी आपले बाबा." ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तुझ्यासाठी नाही रे केलं, हे सांगता आलं नाही. कशासाठी केलं, हे तर स्वतःलाही सांगता आलं नाही. दोष द्यायला शैला नव्हती, स्वप्नील नव्हता, बबनही नव्हता. सगळ्यांनी तिच्यावर सोडलं होतं. तिच्याशी बोललेला एकच माणूस त्या घरात होऊन गेला होता, आणि तिनं स्वतः शेजारी बसून, हो हो म्हणत, त्याला पुसून टाकला होता. तो फोटो अजून मोबाइलमध्ये आहे. त्या दिवसापासून तिनं तो उघडलेला नाही.

दुपारी माणसांनी घर भरलं. पानं मांडली होती. येणारा प्रत्येक जण आधी फोटोपुढे उभा राहून हात जोडत होता, आणि कुणीही मान वळवत नव्हतं. शैलानं हार आणला, तो नीलिमानं घातला. दोघी मागे सरल्या. शैलानं डोळे टिपले आणि आपल्याकडे अशा वेळी म्हणतात तसं म्हणाली, "काय सुंदर आलाय गं फोटो. दादा आत्ता बोलेल असं वाटतंय."

"नको," नीलिमा म्हणाली.

ती इतक्या पटकन आणि इतक्या मोठ्यानं म्हणाली की बसलेल्यांपैकी दोघांतिघांनी वर पाहिलं. काय नको, हे कुणी विचारलं नाही. वाढपी भात घेऊन दारात खोळंबला होता, त्याला तिनं वाट करून दिली.